गोधडी शिवण्याआधी विचारायचे प्रश्न



"आजी, तुम्ही सात जणी दिवसभर फोनवर करता तरी काय?" मागच्या महिन्यात माझ्या नातवाने मला विचारले. प्रश्न रास्त होता. सकाळी सहाला आमच्या ग्रुपवर पहिला "सलाम" येतो आणि रात्री दहाला शेवटचा. मधल्या वेळात कोणाच्या साखरेचा रिपोर्ट, कोणाच्या अंगणातला शेवगा, कोणाच्या सुनेची बदली, आणि चिंध्यांचे फोटो. चिंध्यांचे फोटो सर्वांत जास्त.

"गोधड्या शिवतो," मी म्हणाले. "आणि आता आम्ही सात नाही, आठ जणी आहोत."

ही आठवी आमच्यात कशी आली, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. त्यात आमची एक चूकही आहे. थंडीच्या दिवसांत आपल्यापैकी अनेक जण पांघरुणे पाठवतात. म्हणून ती चूक झाकून ठेवण्यापेक्षा सांगितलेली बरी, असे आम्हा सर्वांना वाटले.

सात शर्ट

पन्नास वर्षांपूर्वी आम्ही सात जणी नगरला अध्यापिका विद्यालयात शिकत होतो आणि वसतिगृहाच्या एकाच लांबलचक खोलीत राहत होतो. पुढे लग्ने झाली, नोकऱ्या लागल्या. एक सोलापूरला गेली, एक मिरजेला, एक जालन्याला, एक नाशिकला, एक पुण्याला. एक तर थेट कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळला. मी मात्र नगरलाच राहिले. नाताळला एकमेकींना कार्ड पाठवायचे आणि कोणाच्या मुलाच्या लग्नात भेटायचे, एवढाच संबंध उरला होता.

2020 सालच्या टाळेबंदीत सोलापूरच्या मैत्रिणीचे यजमान गेले. आमच्यापैकी एकीलाही जाता आले नाही. दफनाला घरची चार माणसे होती, एवढे कळले. तेव्हा नाशिकच्या मैत्रिणीने हा ग्रुप सुरू केला, तो केवळ सोलापूरकरणीशी रोज कोणीतरी बोलावे म्हणून. पण रोज बोलायचे तरी काय? "जेवलीस का?" हा प्रश्न सहा जणींनी विचारला की सातवीला उत्तर द्यायचाही कंटाळा येतो.

एके दिवशी तिनेच एक फोटो टाकला. पलंगावर यजमानांचे सात शर्ट घडी करून ठेवलेले होते. खाली लिहिले होते, "देऊन टाकायला हात होत नाही. ठेवले तर कपाट उघडवत नाही."

जालन्याची म्हणाली, "गोधडी शिव."

"माझ्याने एकटीने होणार नाही."

"मग आम्हाला एकेक शर्ट पाठव."

टपाल सुरळीत झाल्यावर सहा पाकिटे निघाली आणि सातवा शर्ट तिने स्वतःजवळ ठेवला. प्रत्येकीने त्या शर्टाचे आणि आपल्या घरातल्या एखाद्या जुनेराचे मिळून पाच चौकोन करायचे ठरले. सात जणींचे पाच-पाच, म्हणजे पस्तीस चौकोन. चौकोन जोडल्यावर बारा इंचाचा भरला पाहिजे, म्हणून चारही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीसाठी सोडून तेरा इंचाचा कापायचा. पाच चौकोनांची रुंदी आणि सात चौकोनांची लांबी धरली की पाच फूट बाय सात फुटांची गोधडी होते. एका माणसाला ऐसपैस.

पुण्याच्या मैत्रिणीने आपल्या वाट्याच्या शर्टाचा खिसा उसवला नाही. चौकोनावर तो तसाच राहू दिला. सोलापूरकरीण आता रात्री झोपताना त्या खिशात चष्मा ठेवते.

गोधडी म्हणजे नेमके काय

आपल्यापैकी बहुतेकांनी गोधडी पांघरली आहे, पण शिवताना पाहिलेल्यांची संख्या आता कमी होत चालली आहे. म्हणून थोडे सविस्तर सांगते.

गोधडी, वाकळ, लहान बाळासाठी दुपटे. नावे गावागणिक निराळी असली तरी रीत एकच. जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्याने ते एकमेकांना धरून ठेवायचे. पाचवारी साडीचे मधून दोन तुकडे केले आणि ते कडेला कड लावून जोडले की एका गोधडीचा एक थर होतो. वरच्या थराला चौकोन किंवा रंगीत तुकडे, खालच्या थराला अस्तर म्हणून एखादे धड कापड, आणि मध्ये फाटलेली, विरलेली, ठिगळांची कापडे. बाहेरून जे दिसत नाही त्यावरच गोधडीची ऊब अवलंबून असते.

ऊब कशी मिळते? गोधडी स्वतः गरम नसते. गरम असते आपले अंग. थरांच्या मधल्या फटींत हवा अडकून राहते आणि ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच एका जाड कापडापेक्षा चार पातळ कापडांचे थर जास्त उबदार असतात. टाके फार दूर पडले तर आतले थर सरकतात, एका कोपऱ्यात गोळा होतात आणि मधली जागा पोकळ पडते. टाके फार जवळ, फार घट्ट ओढून घातले तर थर दाबले जातात, हवा राहत नाही आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. आमच्या आयांनी हे विज्ञान पुस्तकात वाचले नव्हते. "दोन रांगांत बोटभर अंतर ठेव आणि दोरा ओढू नकोस," एवढे त्या सांगत.

जुनेच कापड का, असेही कोणी विचारतात. नवे कापड धुतल्यावर आटते आणि वरखालचे थर वेगवेगळे आटले की गोधडीला सुरकुत्या पडतात. शंभर वेळा धुतलेले लुगडे आटायचे तेवढे आटलेले असते. त्यातली खळ निघून गेलेली असते आणि ते अंगाला मऊ लागते. बाळाला पहिले दुपटे आजीच्या लुगड्याचे, याच्यामागे माया आहे तशी ही सोयही आहे.

शिवायला जागा मोठी लागते. जमीन झाडून, पुसून थर अंथरायचे. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या. चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, डबा, जे हाताशी असेल ते वजन ठेवायचे आणि आधी लांब-लांब कच्चे टाके घालून घ्यायचे. मग पक्का धावदोरा. एक इंच अंतराने रांगा घातल्या तर पाच बाय सात फुटांच्या गोधडीत साठ रांगा होतात. प्रत्येक रांग सात फुटांची, म्हणजे एकूण चारशे वीस फूट शिवण. अर्ध्या इंचाला एक टाका धरला तर दहा हजारांहून थोडे अधिक टाके. हा हिशेब मी एकदा ग्रुपवर टाकला, तेव्हा मिरजकरणीने लिहिले, "आधी सांगितले असतेस तर सुरूच केले नसते."

दहा हजार टाके एका बैठकीत होत नाहीत. पूर्वी दुपारी गल्लीतल्या चार बायका गोधडीच्या चार बाजूंना बसत आणि शिवता शिवता बोलत. हात गुंतलेले असतात, नजर खाली असते. एरवी तोंडावर न निघणाऱ्या गोष्टी तेव्हा सहज निघतात. आमची गल्ली आता सात जिल्ह्यांत आणि दोन राज्यांत पसरली आहे, एवढाच फरक. दुपारी तीनला आम्ही फोन भिंतीला टेकवून ठेवतो आणि जिची तिची गोधडी घेऊन बसतो.

दूरच्या दोन गोधड्या

हल्याळच्या मैत्रिणीमुळे आम्हाला सिद्दी भगिनींच्या गोधड्या कळल्या. काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून, शिपाई म्हणून भारतात आणलेल्या लोकांचे हे वंशज. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतल्या जंगलकडेच्या वस्त्यांत ते राहतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही आहेत, आणि उत्तर कन्नडमधील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. ती मधून नव्हे, कडेपासून सुरू होते. बाई कोपऱ्यातून निघते, कडेकडेने तुकडे लावत आणि धावदोरा घालत फिरते, आणि फेरी लहान-लहान होत शेवटी मध्यावर संपते. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात. फुले नसतील तर कवंदी उघडी राहिली, असे त्या मानतात. आमच्या मैत्रिणीने पहिली कवंदी शिवली तेव्हा कोपरे साधेच ठेवले होते. शेजारच्या सिद्दी आजीने ती पाहिली आणि काही न बोलता चार चिंध्या उचलून फुले करायला घेतली.

दुसरी गोधडी सिंगापूरची. फेब्रुवारी 1942 मध्ये जपानी सैन्याने सिंगापूर जिंकले आणि तिथल्या परदेशी नागरिकांना चांगीच्या तुरुंगात डांबले. पुरुष एकीकडे, बायका-मुले दुसरीकडे. नवरा जिवंत आहे की नाही हे बायकोला कळत नव्हते आणि बायकोचे नवऱ्याला. तेव्हा त्या स्त्रियांनी तीन गोधड्या केल्या. प्रत्येकीत सहासष्ट चौकोन. प्रत्येक स्त्रीने आपल्या चौकोनावर काहीतरी भरतकाम केले आणि आपले नाव घातले. गोधड्या रुग्णालयातल्या जखमींसाठी म्हणून बाहेर पाठवायच्या होत्या. पण ज्याच्या नजरेला ते नाव पडेल त्याला कळणार होते की ही बाई अजून आहे, आणि तिच्या हातात सुई धरण्याइतके बळ आहे. त्यांतल्या दोन गोधड्या आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत आणि एक लंडनमध्ये ब्रिटिश रेडक्रॉसकडे.

हे वाचल्यापासून आम्हीही आपापल्या चौकोनाच्या कोपऱ्यात नावाचे पहिले अक्षर दोऱ्याने घालू लागलो. सोलापूरच्या गोधडीवर सातही अक्षरे आहेत.

आमची चूक

सोलापूरची गोधडी झाल्यावर हात थांबेनात. पुढच्या वर्षी नाशिकच्या मैत्रिणीने सुचवले की थंडीच्या वाटपासाठी सहा गोधड्या करू. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या पाड्यांवरची अनेक कुटुंबे भाताची कापणी आटोपली की दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. विरळणी, डिपिंग, मग काढणी. पार उन्हाळा लागेपर्यंत ती तिकडेच असतात. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्या असतात. निफाडची थंडी आपण दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचतोच. पारा पाचाच्या खाली गेल्याच्या बातम्या तिथूनच येतात.

आम्ही उत्साहाने कामाला लागलो. आपले चांगल्यातले चांगले द्यायचे, असे ठरवले. मिरजकरणीने मुलीच्या साखरपुड्याची मोरपंखी साडी काढली. तिला ती कोणाला द्यावीशी वाटत नव्हती, पण यासाठी दिली. आम्हीही कपाटातल्या झुळझुळीत, रंग न गेलेल्या साड्या काढल्या. सहा गोधड्या इतक्या देखण्या झाल्या की वाटपाच्या दिवशीचे फोटो आम्ही आठवडाभर बघत होतो.

डिसेंबरच्या शेवटी नाशिकच्या मैत्रिणीचा फोन आला. तो ग्रुपवर नव्हता, एकेकीला वेगळा होता. कडाक्याच्या थंडीत एका झोपडीबाहेर शेकोटी पेटवली होती. सात वर्षांची मुलगी गोधडी गुंडाळून शेकत बसली होती. एक ठिणगी उडाली. साडी सिंथेटिक होती. ती जळण्याआधी वितळली आणि वितळलेले कापड मुलीच्या पोटरीला चिकटले. आईने तिथल्या तिथे हंडाभर पाणी ओतले, मग दवाखान्यात नेले. मुलगी बरी झाली. पोटरीवर दोन बोटे रुंद डाग राहिला आहे.

तो तुकडा मोरपंखी साडीचा होता.

दोन दिवस ग्रुपवर एकही "सलाम" आला नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याची म्हणाली, "आपण प्रेमानेच दिले होते." जालन्याची म्हणाली, "प्रेम पोटरीला चिकटले ना!" शब्दाला शब्द वाढला. मिरजकरीण ग्रुप सोडून गेली. मी कोणाची बाजू घ्यावी हे मला कळेना; खरे सांगायचे तर माझ्याही साडीचे दोन थर त्याच गोधडीत आत होते आणि ते मी कोणाला बोलले नव्हते.

शेवटी नाशिकच्या मैत्रिणीने त्या मुलीच्या आईशी माझे बोलणे करून दिले. मी माफी मागायची तयारी करून बसले होते. ती शांतपणे म्हणाली, "बाई, गोधडी चांगली होती. पण ती आगीजवळची नव्हती. आम्ही कुठं झोपतो, ते तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

एवढेच. रागाचा शब्द नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सोलापूरच्या गोधडीसाठी आम्ही किती विचारले होते! पलंग केवढा, पंखा लावून झोपतेस का, खिसा कुठल्या बाजूला हवा. कारण ती आमची होती. या सहा गोधड्यांसाठी आम्ही रंगसंगतीवर तास तास बोललो आणि पांघरणाऱ्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत यापोच्या टबीथेची गोष्ट आहे. ती वारल्यावर विधवा पेत्राजवळ रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवू लागल्या. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. पण टबीथा त्यांच्यातच राहून शिवत होती, कोणाच्या अंगाला काय बसेल हे तिला ठाऊक होते, हे मला तेव्हा प्रथमच जाणवले.

मग आम्ही विचारले

सहाही गोधड्या आम्ही परत मागवल्या. तोवर थंडीत उघडे राहायला नको म्हणून बदल्यात सुती चादरी पाठवल्या. उसवून पाहिले तेव्हा सहापैकी चार गोधड्यांत सिंथेटिक कापड निघाले. त्या चार पुन्हा शिवल्या. मिरजकरणीला मी स्वतः फोन केला आणि माझ्या दोन थरांचे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घाल मला परत ग्रुपमध्ये. आणि त्या बाईंना विचार, कापड कसलं हवं."

मी विचारले. त्या माउलीने जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले.

पहिली गोष्ट कापडाची. सुती कापडालाही आग लागते, हे ती म्हणाली. पण ते वितळून कातडीला चिकटत नाही आणि हाताने झटकता येते.

दुसरी मापाची. "तीन लेकरं एका गोधडीखाली झोपतात. लांब कशाला? रुंद पाहिजे." आम्ही सात फूट लांबी मोठ्या माणसाच्या हिशेबाने धरली होती. तीच पस्तीस चौकोनांची गोधडी आडवी केली की सात फूट रुंद आणि पाच फूट लांब होते, आणि तिघे भावंडे तिच्याखाली मावतात. एक चौकोनही वाढवावा लागला नाही.

तिसरी जाडीची. आम्ही ऊब वाढावी म्हणून सात-सात थर घातले होते. अशी गोधडी धुतली तर थंडीच्या दिवसांत दोन दिवस वाळत नाही, आणि दुसरी नसते. शिवाय बाग बदलली की सगळा संसार एका गाठोड्यात बांधून डोक्यावर न्यायचा असतो. म्हणून चार थर पुरे. थंडी जास्त असेल तर दोन गोधड्या एकावर एक घेता येतात आणि वाळत घालताना वेगळ्या करता येतात.

चौथी कडेची. गोधडी मधे फाटत नाही, कडेला फाटते, कारण ओढाओढ तिथेच होते. कडेला जाड सुती पट्टी दुमडून दुहेरी शिवण घालावी.

पाचवी गोष्ट तिने सर्वांत शेवटी, जरा संकोचाने सांगितली. "बाई, शिवता आम्हालाही येतं. माझी आई शिवायची. कापड मिळत नाही, कारण आता साड्या सगळ्या तसल्याच मिळतात. तुम्ही कापड आणि दोरा दिलात तर आम्हीच शिवू."

तिच्या हाताची गोधडी आम्ही पुढच्या उन्हाळ्यात पाहिली. टाके आमच्याहून बारीक आणि रांगा सरळ होत्या. तेव्हापासून आम्ही शिवून पाठवण्यापेक्षा सुती कापड धुऊन, इस्त्री करून, दोऱ्याच्या रिळांसह पाठवतो. बागेतून घरी परतल्यावर, पावसाची कामे लागण्याआधी, ती आणि तिच्या टोळीतल्या चार जणी शिवतात. आम्हीही शिवतो, पण आता तिच्या मापाने.

ती आमच्या ग्रुपमधली आठवी. तिला लिहिण्याचा कंटाळा आहे, म्हणून ती बोलून पाठवते. नागलीची लावणी झाली की सांगते, मुलीची शाळा सुरू झाली की सांगते, ठरलेली मजुरी मिळाली नाही तेव्हाही सांगते. आमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि सुनांच्या बदल्या ती तेवढ्याच मन लावून ऐकते. गेल्या पावसाळ्यात माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्या संध्याकाळी पहिला फोन तिचा होता. "बाई, सुईत दोरा आता कोण ओवणार?"

पूर्वी मला वाटे की ग्रुपवरच्या गप्पा हा फावल्या वेळचा उद्योग आहे आणि गोधडी हे खरे काम. आता वाटते की त्या गप्पांतूनच माप मिळते.

आपण पांघरूण पाठवणार असाल तर

या थंडीत आपल्या मंडळीतून कापड किंवा गोधड्या पाठवायच्या असतील, तर आमच्या वहीतल्या या नोंदी उपयोगी पडतील.

कापड सुती आहे की नाही हे स्पर्शाने नेहमी कळत नाही. कडेचा एक धागा ओढून काढा, स्टीलच्या ताटलीत चिमट्याने धरून पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मागे मऊ राख राहते. सिंथेटिक धागा आकसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याची कडक गुठळी होते. मिश्र कापडात दोन्ही दिसते. तेही चुलीजवळच्या गोधडीत घालू नका. हे काम मोठ्या माणसानेच करावे आणि शेजारी पाणी ठेवावे.

जुनी धोतरे, सुती चादरी, सुती गाऊन, परकर, उशांचे अभ्रे, सगळे चालते. विरलेले चालते, कुजलेले चालत नाही. दोन्ही हातांनी ताणून पाहावे. टरकले तर ते पोछ्याला ठेवावे. बटणे, हुक, चेन काढून टाकावी. धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच पाठवावे. आपल्या मुलाच्या अंगावर घालणार नाही असे काही पाठवू नये.

सिंथेटिक साड्या वाया जात नाहीत. त्यांच्या पिशव्या होतात, पायपुसणी होतात. मिरजकरणीने उरलेल्या मोरपंखी साडीची पिशवी शिवली आहे आणि ती रोज भाजीला नेते.

आणि सर्वांत आधी, पाठवण्यापूर्वी, कोणाला तरी फोन करून विचारावे: कोण पांघरणार? किती जण? कुठे झोपतात? धुवायला पाणी कुठे आहे? हे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात. त्या मुलीचे नाव आणि ती कोणत्या इयत्तेत आहे हे आम्हाला तिची पोटरी भाजल्यावर कळले. ते आधी कळायला हवे होते. ती आता चौथीत आहे. तिच्यासाठी आणि बागांत राहणाऱ्या सर्व लेकरांसाठी आपल्या प्रार्थनेत आठवण असू द्या.

माझ्या नातवाला मी हे सगळे सांगितले. त्याने फोनवरचा माझा चौकोन जवळ घेऊन पाहिला आणि म्हणाला, "टाके वाकडे येतात तुझे, आजी." येतात खरे, ऑपरेशननंतर अजून नजर बसलेली नाही. तेव्हापासून तो शाळेत जाण्यापूर्वी दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवतो. दुपारी तीनपर्यंत मला त्या पुरतात.